उभ्याने खुरपायचं यंत्र

"चाकानंतर माणसाने लावलेला हा पहिलाच खरा शोध आहे," के. के. सांडू म्हणाले, आणि त्यांनी तो शोध जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"खाली ठेवा तो," त्यांची पत्नी द्वारका म्हणाली. "माती लागलीय त्याला. मला इथं भाकरी ठेवायच्यात."

शोध खाली गेला. कमरेच्याही वर येईल इतका उंच असल्यामुळे जाता जाता तो ताकाचं पातेलंही सोबत घेऊन गेला. फरशीवर मांडी घालून जेवत असलेल्या मनकर्णाबाईंनी आपलं ताट शांतपणे मागे ओढलं, ताकाचा ओघळ कुठवर येतो ते पाहिलं आणि लेकाला विचारलं, "कडू, इहिरीत पडलेली बादली काढायचा गळ हाय का रं ह्यो?"

"गळ नाय माय. तण काढायचं यंत्र हाय. तुझ्यासाठी केलंय."

"माज्याकडं खुरपं हाय की."

"खुरप्याला खाली बसावं लागतं."

"मंग बसायचं," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी कुस्करायला घेतली.

शोध असा होता. एक लोखंडी पाइप. वर जुन्या लुनाची रबरी मूठ. खाली आत वळलेले तीन पोलादी दात, त्यांच्या वर पाय ठेवायला एक आडवी पट्टी, आणि मुठीजवळ एक खटका. तणाभोवती दात टेकवायचे, पट्टीवर पाय देऊन दाबायचे, पाइप मागे कलता करायचा. तण मुळासकट वर. खटका दाबला की तण टोपलीत. वाकायचं नाही, बसायचं नाही. या सगळ्या रचनेत सांडूंच्या दृष्टीने महत्त्वाचे शब्द शेवटचे दोनच होते.

हे यंत्र तयार व्हायला अख्खा पावसाळा गेला. आणि ते झालं एका वाक्यापायी. वाक्य चार शब्दांचं, पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल असं: ही माझी आई आहे. सांडूंना ते शेजारी जाऊन बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांनी यंत्र केलं. एखादं वाक्य टाळण्यासाठी मराठवाड्यात एवढं मोठं इंजिनिअरिंग दुसरं झालं नसावं.

सांडू चितेगावच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख होते. तरुण पोरांनी काढलेली ड्रॉइंगं त्यांच्याकडे तपासायला येत. भोक भलत्या जागी पडलं असलं, एखादं माप लिहायचं राहिलं असलं, की सांडूंची लाल पेन्सिल फिरे. दुसऱ्याची चूक त्यांना कागद उलगडायच्या आधी दिसायची. स्वतःबद्दल कुणाचा चुकीचा समज झाला तर मात्र ती पेन्सिल खिशातच राही. ते खोटं कधी बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते फक्त दुरुस्त करत नसत.

त्यांचं नाव कडूबा. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा या तिसऱ्याकडे काळाने ढुंकूनही पाहू नये म्हणून पाचोडला मनकर्णाबाईंनी हे नाव ठेवलं. नावाने आपलं काम चोख बजावलं. पोर जगलं, शिकलं, साहेब झालं. आणि मग नाव अडचणीचं झालं. वडिलांचं नाव कारभारी, म्हणजे तिथेही मदत नव्हती. तेव्हा बापलेक दोघे दोन 'के'च्या आड जाऊन उभे राहिले. कारखान्यात कुणाला वाटे साहेबांचं नाव कृष्णकांत, कुणाला वाटे कमलाकर. लग्नपत्रिका दोन्ही नावांनी येत. सांडू दोन्ही लग्नांना जात.

दौलताबादच्या रस्त्याला, पडेगावच्या अलीकडे, त्यांनी बंगला बांधला. तिथली जमीन मुरमाड. चहा प्यायला अंगणात बसायचं तर समोर हिरवं काहीतरी हवं, म्हणून वसाहतीतल्या सगळ्यांनी ट्रॉल्या भरभरून काळी माती आणवली. माती कुणाच्या तरी वावरातली होती. तिच्याबरोबर लव्हाळा आला, हराळी आली, गाजरगवत आलं. वसाहतीतल्या सगळ्या घरांनी एकदिलाने उगवलेलं पहिलं पीक हेच.

कारभारी वारले आणि मनकर्णाबाई पाचोडहून लेकाकडे राहायला आल्या. शहरात त्यांना करायला काही नव्हतं. चुलीजवळ द्वारका येऊ देत नसे. बिचारीला वाटे, सासूने आता आराम करावा. टीव्हीतली माणसं दिवसभर बोलत, पण यांनी काही विचारलं तर उत्तर देत नसत. मग एका सकाळी त्यांनी गाठोड्यातून आपलं खुरपं काढलं आणि पुढच्या बागेत उकिडव्या बसल्या. आयुष्यभर लोकांचा भुईमूग, लोकांची मिरची, लोकांची मोसंबी खुरपलेल्या बाईला ती बाग म्हणजे पोहे व्हायच्या आत संपणारं काम. ते संपलं. मग त्या फाटक उघडून शेजारच्या बागेत गेल्या. तण हद्द मानत नाही, मनकर्णाबाईंनीही मानली नाही.

शेजारी दत्तोपंत आणि यमुनाबाई राहत. दत्तोपंत ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामाच्या अमलात अव्वल कारकून होते, त्यामुळे घरात आरती मराठीतून आणि तक्रार उर्दूतून होई. दुसरं कुणी तयार होईना म्हणून दत्तोपंत सर्वानुमते सोसायटीचे अध्यक्ष झाले होते.

यमुनाबाईंनी आपल्या बागेत एक अनोळखी म्हातारी खुरपताना पाहिली. बाहेर चहा आणून दिला, स्टीलच्या पेल्यात, ओट्याच्या कठड्यावर ठेवून.

"कुठल्या हो तुम्ही?"

"पाचोडची."

"एवढ्या लांबून येता?"

"आता हितंच ऱ्हाती की. सांडूसायबाकडं."

पाचोडला मनकर्णाबाई चारचौघांत लेकाला साहेबच म्हणायच्या, कौतुकाने. यमुनाबाईंना त्यातून जे समजायचं ते समजलं. वर द्वारका सासूला गावाकडच्या रीतीप्रमाणे 'आत्याबाई' म्हणे. ती हाक कुंपणावरून ऐकू येई. यमुनाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सांडूंकडे बागकामाला बाई ठेवलीय, पण बघा हो, किती मानाने हाक मारतात." दत्तोपंतांनी ते चार घरी सांगितलं. वसाहतीत सांडूंबद्दलचा आदर वाढला.

आषाढात एक दिवस सांडू कारखान्यातून आले, तर तारेवर एक इरकली लुगडं वाळत होतं. काठ अजून करकरीत.

"माय, हे कुनाचं?"

"येमुनाबाईनं दिलं. तिच्या सासूचं हाय. म्हनली, रोज खुरपता, काय घेत नाय, हे तरी घ्या." मनकर्णाबाईंनी काठावरून हात फिरवला. "लई मायाळू बाई हाय रं."

सांडूंचे कान गरम झाले. ते घरात गेले, पंखा लावला, पुन्हा बंद केला.

"आत्ता जाऊन सांगा," द्वारका म्हणाली. "ती माझी आई आहे म्हणावं. मिनिटाचं काम."

"आता सांगितलं तर त्यांना किती वाईट वाटेल. लुगडं दिलंय त्यांनी."

"त्यांना वाटेल की तुम्हाला?"

सांडूंनी वर्तमानपत्र उघडलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या बसमध्ये मात्र त्यांनी या प्रश्नाचा तांत्रिक अंगाने विचार केला. यमुनाबाईंची चूक झाली ती कशामुळे? माय खाली बसते म्हणून. वसाहतीत सकाळी बर्म्युडा घालून, लांब नळी धरून झाडांना पाणी घालणारे रिटायर्ड कर्नल होते. त्यांना कुणी जुना शर्ट दिला नव्हता. कारण ते उभे असत. उभं राहून केलं की ते बागकाम, बसून केलं की मजुरी. म्हणजे मुळात दोष कुणाचाच नव्हता. दोष खुरप्याच्या मुठीचा होता. ती आखूड होती.

चितेगाव येईपर्यंत पहिलं स्केच तयार होतं.

मापं घ्यायला ते टेप घेऊन आईपुढे उभे राहिले. खांदा, कोपर, गुडघा.

"मापं कशाला घ्याया लागला?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "तिरडीला घेत्यात तशी."

"हात वर कर माय."

"आन् बांबू लांब घे. माजे पाय भाईर येतील."

सांडूंनी कोपराची उंची लिहून घेतली. एवढ्या जवळून आईकडे पाहायची वेळ त्यांच्यावर बऱ्याच दिवसांनी आली होती. पाठीला एक कायमचा बाक आला होता. ड्रॉइंगमध्ये तो कसा दाखवायचा हे त्यांना सुचलं नाही, म्हणून त्यांनी ती सरळ आहे असं धरून पुढचं काम केलं.

पहिल्या नमुन्याने तण सोडून गुलाब उपटला. दुसऱ्याचा खटका असा जोरदार होता की ढेकूळ कुंपण ओलांडून दत्तोपंतांच्या तुळशीपर्यंत गेलं. पैठण रस्त्यावरच्या एका वेल्डरकडे सांडूंच्या इतक्या खेपा झाल्या की त्याला वाटलं साहेबांनी नोकरी सोडली. पण तिसरा नमुना खरोखर चांगला झाला. इथे थट्टेला जागा नाही. दात कुठे वळवायचे, पायाची पट्टी किती वर घ्यायची, हलका हात लावूनही मूळ कसं सुटेल, हे सांडूंनी मन लावून सोडवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासलेल्या माणसाने काढलेलं हे पहिलं स्वतःचं ड्रॉइंग. खालच्या कोपऱ्यात त्यांनी नाव लिहिलं, 'एम-१'.

"एम म्हणजे मनकर्णा?" द्वारकाने विचारलं. तिचा चेहरा कधी नव्हे तो मऊ झाला होता.

"हो," सांडू हळूच म्हणाले. खिडकी उघडी होती.

सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, सोसायटीच्या बागेत झेंडावंदन असे. त्यानंतर दत्तोपंत निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळच्या आठवणी सांगत. त्या वेळी ते लहान होते, पण दर वर्षी भाषणात त्यांचं वय थोडं वाढे आणि त्या प्रमाणात धाडसही. तर या वर्षी भाषणानंतर सांडूसाहेबांच्या यंत्राचं प्रात्यक्षिक आणि सत्कार ठरला. कल्पना दत्तोपंतांची. ढेकूळ तुळशीत पडल्यापासून त्यांना यंत्राबद्दल कुतूहल होतं.

सकाळी सांडू इस्त्रीचा शर्ट घालून निघाले तेव्हा मनकर्णाबाई वेणीफणी करत होत्या.

"माय, तू कशाला उन्हात येती? ल्हानसाच कारेक्रम हाय."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आणि आल्या. लेकाचा सत्कार होता. त्यांच्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं लुगडं त्या नेसल्या होत्या, म्हणजे यमुनाबाईंच्या सासूबाईंची इरकली. खुर्च्या सोडून त्या पलीकडे, लिंबाच्या सावलीत, धुणीभांडी करणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसल्या. तिथे त्यांच्या ओळखी होत्या. पुढच्या रांगेत यमुनाबाई शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या सासूबाईंची बरं का ती. बघा, किती शोभतेय त्यांना." त्या मनापासून म्हणत होत्या. द्वारका दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा झेंड्याची दोरी नीट बांधली आहे का ते तपासत होता.

दत्तोपंतांच्या आठवणी झाल्या. या खेपेस त्यांनी एक पूल वाचवला. मग ते म्हणाले, "आज आपल्या वसाहतीलाही एक मुक्ती मिळणार आहे. खुरप्यापासून. सांडूसाहेब, तशरीफ आणा. या यंत्राचं नाव एम-१. एम म्हणजे काय, साहेब?"

"मॉडेल," सांडू म्हणाले.

त्यांनी प्रात्यक्षिक केलं. दात टेकवले, पाय दिला, पाइप कलता केला. लव्हाळ्याचा जुडगा गाठींसकट वर आला. टाळ्या पडल्या. पुन्हा केलं, पुन्हा टाळ्या. कर्नलसाहेब उठून जवळ येऊन बघून गेले. सांडूंना आयुष्यात प्रथमच टाळ्या मिळत होत्या आणि त्या योग्य कारणासाठी मिळत होत्या. दत्तोपंतांनी त्यांना नारळ दिला, खांद्यावर शाल टाकली आणि स्वतःच्या हाताने तोंडात एक मोठा पेढा भरवला.

"आता माझी एक दरख्वास्त आहे," दत्तोपंत श्रोत्यांकडे वळून म्हणाले. "साहेबांनी स्वतःचं यंत्र चालवलं, त्यात काय नवल. ज्यांची तकलीफ दूर व्हावी म्हणून हे केलं, त्यांच्या हातात देऊन बघू. साहेबांकडे खुरपायच्या कामाला आहेत ना, त्या मावशी. त्या काय, लिंबाखाली बसल्यात. बोलवू का साहेब?"

सगळ्यांनी लिंबाकडे पाहिलं. मग सांडूंकडे.

सांडूंच्या तोंडात पेढा होता. पेढा विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढी सवलत त्यांना मिळाली, आणि ती मोठी होती, कारण पेढा चांगल्या खव्याचा होता. द्वारका खुर्चीच्या कडेवर आली होती. लिंबाखाली मनकर्णाबाई लेकाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त वाट पाहत होत्या.

पेढा विरघळला.

सांडूंनी मान हलवली. बोलवा, अशी.

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर डोक्यावर घेतला, सावकाश चालत पुढे आल्या आणि लेकासमोर उभ्या राहून त्यांनी हात पुढे केला.

"द्या सायेब," त्या म्हणाल्या.

पाचोडच्या कौतुकातलं 'सायेब' नव्हतं हे. मजुरणीने ते जसं म्हणायचं असतं तसंच त्यांनी म्हटलं. सांडूंनी यंत्र त्यांच्या हातात दिलं.

"पाय... इथं ठेवा," ते म्हणाले. आईला त्यांनी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

मनकर्णाबाईंनी पाय ठेवला, दाबला, पाइप कलता केला. मुठीची उंची त्यांच्या कोपराला बरोबर बसली होती. तण वर आलं. टाळ्या. दुसरं तण, तिसरं. काम करताना त्या ताठ उभ्या होत्या, मान वर होती, आणि सगळा वेळ त्या झेंड्याकडे बघत होत्या. तण बघायची त्यांना गरज नव्हती.

"कसं वाटतंय मावशी?" दत्तोपंतांनी विचारलं.

"झ्याक हाय. कंबर वाकवावी लागत नाय." मनकर्णाबाईंनी खटका दाबला. "सायेब हुशार हायेत."

"आहेतच."

"ल्हानपनापासूनच आसतील," मनकर्णाबाई म्हणाल्या.

लोक हसले. कौतुकाने हसले. दत्तोपंतांनी त्यांना दोन पेढे दिले. "घ्या. घरी लेकरांना होतील." मनकर्णाबाईंनी ते पदराच्या टोकाला बांधले आणि त्या परत लिंबाखाली जाऊन बसल्या.

दुपारी जेवताना द्वारकाने नवऱ्याचं ताट असं ठेवलं की वाटीतलं वरण वाटीत राहिलं नाही.

"बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तोंडात पेढा होता."

"संपला नाही का तो?"

लुगडं बदलून मनकर्णाबाई आतून आल्या. इरकलीच्या पदराची गाठ त्यांनी सोडली होती. तळहातावरचे दोन्ही पेढे त्यांनी लेकाच्या ताटाशेजारी ठेवले.

"खा. तुला लई आवडायचे," त्या म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.

सांडूंनी पेढ्यांकडे पाहिलं. त्यातला एक जरा चेपला होता, त्यावर पदराच्या विणीची नक्षी उमटली होती. त्यांच्या अंगावर अजून शाल होती. त्यांनी ती काढून खुर्चीवर टाकली, मग घडी घालून ठेवली, मग पुन्हा उघडून खुर्चीवर टाकली. कशीही ठेवली तरी ती सत्काराचीच शाल दिसत होती.

ते बाहेर आले. मनकर्णाबाई बागेत उकिडव्या बसून खुरपत होत्या. यंत्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्या रबरी मुठीवर हात पुसायचं फडकं वाळत घातलं होतं. तेवढ्याला ती उंची सोयीची होती.

"माय," सांडू उभ्या उभ्या म्हणाले. "यंत्रात काय खोट हाय का?"

"नाय. बेस चालतंय."

"मंग पुन्हा खुरपं कशापायी?"

खुरप्याचा आवाज चालू राहिला. कच, कच. एक जुडगा उपटून त्या म्हणाल्या, "उभ्यानं खुरपलं की मान वर ऱ्हाती रं."

"त्येच्यासाठीच तर केलं. मानंला, पाठीला तरास नको म्हून."

"मान वर आसली की कुनाकडं तरी बगावं लागतं. सकाळी म्या कुनाकडं बगू? तुज्याकडं बगितलं आसतं तर तुला जड गेलं आसतं. मंग बगितलं झेंड्याकडं." त्यांनी मुळाची माती झटकली. "खाली बसलेलं बरं. मान आपसूक खाली आसती. कुनी वळख दिली तरी चालतंय, नाय दिली तरी चालतंय."

सांडूंनी भिंतीला टेकलेलं यंत्र उगाच सरळ केलं.

"तू पाचोडच्या शाळंत व्हता," मनकर्णाबाई खुरपता खुरपता म्हणाल्या, जणू कालची गोष्ट. "म्या मास्तराच्या भुईमुगात व्हते. तू पोरांसंगं बांधावरनं गेला. एका पोरानं इचारलं, ती बाई कोन रं. तू म्हनला, आसंल कुनी."

सांडूंना तो बांध आठवला. आपण तेव्हा वर आभाळात काहीतरी बघत चाललो होतो, तेही आठवलं. आभाळात काहीही नव्हतं.

"तू ऐकलं व्हतं?"

"ऐकलं की. वर नाय बगितलं. तुला वाटलं आसंल मायनं ऐकलंच नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. राग असता तर सांडूंना तो सोसता आला असता, पुढे बोलता आलं असतं. "खुरपनारीला तेवढं एक बरं आसतं बग."

म्हणजे मायकडेही लाल पेन्सिल होती. तिनेही ती इतकी वर्षं काढली नव्हती. फक्त तिचं कारण वेगळं होतं.

सांडू खाली बसले. म्हणजे उकिडवं बसायला गेले. गुडघ्यांनी मोठा आवाज केला, तोल गेला आणि इस्त्रीच्या पॅन्टसकट ते मातीत सपशेल टेकले. मनकर्णाबाईंनी एकवार तिकडे पाहिलं आणि पुन्हा खुरपायला लागल्या.

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर दत्तोपंत आणि यमुनाबाई चहाचे कप घेऊन आले. सतरा सप्टेंबरला दत्तोपंत भाषणाच्या श्रमाने दुपारी झोपत आणि उठून चहा घेत, हा शिरस्ता होता.

"अरे सांडूसाहेब," दत्तोपंतांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "तुम्ही खाली? यंत्र बिघडलं की काय?"

"यंत्र ठीक आहे."

"मग?"

सांडूंना उभं राहून बोलायचं होतं. असली वाक्यं माणसाने उभं राहून बोलावीत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी एकदा जोर लावला, पण गुडघे तयार नव्हते. सकाळपासून, खरं म्हणजे आषाढापासून, खरं म्हणजे पाचोडच्या त्या बांधापासून खोळंबलेलं ते वाक्य त्यांनी मनात शुद्ध मराठीत, स्वच्छ उच्चारांसह तयार करून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते मात्र वेगळं.

"पंत," सांडू मातीत बसल्या बसल्या म्हणाले, "ही माझी माय हाय."

रस्त्यावरून वेरूळची बस गेली. यमुनाबाईंनी हातातला कप ओट्यावर ठेवला. त्यांची नजर मनकर्णाबाईंकडे गेली, मग कठड्यावर त्यांच्यासाठी ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याकडे गेली, आणि तिथून ती कुठे न्यावी हे त्यांना कळेना. दत्तोपंतांचं तोंड उघडं राहिलं होतं. त्यांच्या तोंडात तर पेढाही नव्हता.

दारात द्वारका येऊन उभी राहिली होती, ओल्या हातांनी.

आता सुरुवात झालीच आहे तर सगळंच बोलावं, असं सांडूंना वाटलं. नाव कृष्णकांत नाही, कमलाकर नाही, हे बोलावं. एम म्हणजे मॉडेल नाही, हे बोलावं. सकाळी मान का हलवली ते बोलावं. त्यांनी श्वास घेतला. डोळे भरून आले होते, समोरचं कुंपण हलत होतं.

"माय," ते म्हणाले, "म्या तुला..."

मनकर्णाबाईंनी खुरप्याची मूठ त्यांच्या गुडघ्यावर हलकेच टेकवली.

"ते ऱ्हाऊ दे, कडू," त्या म्हणाल्या. "जरा सरक. लव्हाळ्यावर बसलायस."